कुंकू लागलेले बोल्ट

खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजा असायची. हवालदार रायफलींना कुंकू लावायला लागले की मला हटकून ते पाच बोल्ट आठवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी दसरा जवळ आला की अजून आठवतात. खुनाचे, दरोड्यांचे तपास मी केले. पण ज्या तपासात मी अक्षरशः तोंडात बोट घालून बघत राहिलो, असा हा एकच. लेखनाची मला सवय नाही, त्यामुळे जसं घडलं तसं सांगतो. नावं कोणाचीच सांगत नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. हिंगण्याची औद्योगिक वसाहत आमच्या हद्दीत होती. दसऱ्यानंतर काही दिवसांनी तिथल्या एका कारखान्यातून ठाण्यात फोन आला, की पत्रा दाबणाऱ्या प्रेसचं मोठं लोखंडी चाक चालू मशीनवरून सुटलं आणि ऑपरेटरच्या पायावर गेलं. आम्ही पोहोचेपर्यंत त्याला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. चाक भिंतीला टेकून पडलेलं होतं. ते धरून ठेवणारे पाचही बोल्ट जमिनीवर विखुरलेले होते आणि एकही तुटलेला नव्हता.

हीच गोष्ट फोरमनने मला हाताला धरून दाखवली. तो कामाचा माणूस होता, आवाज मोठा, पण खोटं बोलणारा वाटला नाही. त्याचं म्हणणं असं, की बोल्ट तुटला तर अपघात म्हणता येईल. हे तर आट्यांतून उलटे फिरून बाहेर आले आहेत, आणि ते आपोआप येऊच शकत नाहीत, कारण त्यांना ‘औषध’ लावलेलं होतं.

औषध म्हणजे काय, ते मला तिथेच पहिल्यांदा कळलं. मशीनच्या कंपाने बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून आट्यांना एक पातळ द्रव लावतात. तो आत घट्ट होतो आणि बोल्ट जागचा हलत नाही. स्टोअरमध्ये त्याच्या तीन बाटल्या होत्या. जांभळा द्रव बारीक स्क्रूंना, निळा पुन्हा कधीतरी उघडावे लागणाऱ्या बोल्टांना आणि लाल कायमच्या बसवायच्या मोठ्या बोल्टांना. चाकाला लालच लावला होता. लालने धरलेला बोल्ट पान्याने निघत नाही, गॅसच्या टॉर्चने चांगला तापवावा लागतो. जमिनीवरच्या बोल्टांच्या आट्यांत लाल रंग मला स्वतःलाही दिसला.

मग कँटीनमधल्या एका माणसाने हवालदाराच्या कानाशी येऊन सांगितलं, की आदल्या दिवशी दुपारी फिटर टॉर्च घेऊन त्या प्रेसपाशी उभा दिसला होता. फोरमनचं आणि त्याचं त्या वेळी जोरात वाजलंही होतं; फोरमनला विचारलं तर म्हणाला, कामावरून बोलाचाली झाली, एवढंच. फिटरला विचारलं तर त्याने टॉर्चची गोष्ट नाकारली नाही. कशाला नेला होता, हे मात्र सांगितलं नाही. आम्ही त्याला ताब्यात घेतलं आणि कोर्टाने पोलीस कोठडी दिली.

फिटर पन्नाशीच्या आसपासचा, काटोलकडच्या एका खेड्यातला. घरी भावांची शेती होती, हा एकटा कारखान्यात आलेला. चौकशीत माणसं साधारण दोन प्रकारची असतात. एक न विचारलेलं सांगत सुटतो, दुसरा विचारलेलं टाळतो. हा दोन्हींत बसेना. बोल्ट काढले का, असं विचारलं की नजर न चुकवता नाही म्हणायचा. टॉर्च कशाला, विचारलं की गप्प. माझे हवालदार जुने आणि गमत्ये होते. ते त्याला म्हणाले, "काहून गा, त्या औषधाची बाटली तू तोंडात ओतून घेतली का?" तो थोडा हसला.

पंचनामा पुन्हा वाचताना मला एक गोष्ट खटकली. मी स्वतःच लिहवून घेतलं होतं, ‘बोल्टांच्या छिद्रांभोवतालचा रंग शाबूत.’ चाकाला हिरवा ऑईलपेंट होता. टॉर्चने तापवलं असतं तर तो करपला असता, निदान फुगला तरी असता. फोरमनला विचारलं, तर तोही बुचकळ्यात पडला. पण लाल औषध तापवल्याशिवाय सुटत नाही, हे त्याने पुन्हा ठामपणे सांगितलं.

मुद्देमाल सीलबंद करून सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवला. पण तिथला अहवाल यायला वेळ लागतो आणि फिटरची कोठडी तर चालू झालेली. वरिष्ठांची परवानगी काढून एक बोल्ट मी माझ्याकडे ठेवला होता. तो आणि कारखान्यातली लाल बाटली घेऊन, पंचांसह, मी माझ्या जुन्या कॉलेजात गेलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. तिथे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंसमोर मी वर्गात कधी तोंड उघडलं नव्हतं. वर्दी अंगावर असूनही मी प्रयोगशाळेच्या दारातच उभा राहिलो. बाईंनी मला ओळखलं आणि म्हणाल्या, "आत ये. आता तरी प्रश्न विचार."

बाईंनी आधी बाटली उजेडात धरली. ती नवी होती, तरी अर्धीच भरलेली. मला वाटलं, चोरी. बाई म्हणाल्या, "नाही रे, मुद्दामच रिकामी ठेवतात. याला हवा लागते. हवा आहे तोवर हा पातळ राहतो. हवा बंद झाली आणि लोखंडाचा स्पर्श झाला की दगड होतो."

त्यांनी त्यातला एक थेंब काचेवर ठेवला. दुसरा एका स्वच्छ पुसलेल्या बोल्टच्या आट्यांवर टाकून वर नट फिरवला. तिसरा, तेल लावलेल्या बोल्टवर. दुसऱ्या दिवशी या, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी जे पाहिलं ते इतक्या वर्षांनीही नीट सांगता येत नाही. काचेवरचा थेंब तसाच होता, बोटाला लागेल असा ओला. त्याच बाटलीतल्या, त्याच थेंबाच्या भावाने स्वच्छ बोल्टवर नट असा धरला होता, की आमच्या दोन्ही पंचांनी पान्याला लोंबकळून पाहिलं तरी तो हलेना. आणि तेलकट बोल्टवरचा नट माझ्या दोन बोटांनी फिरला. बाहेर काही दिसत नव्हतं. सगळं त्या केसाएवढ्या फटीत, अंधारात घडलेलं. माझे वडील आयुष्यभर मातीत बी टाकून मागे वळून न बघता घरी यायचे. मला का कोण जाणे, त्यांचीच आठवण झाली.

मग बाईंनी आमचा बोल्ट घेतला. औषध घट्ट होऊन मग उघडलं गेलं असतं, तर आट्यांत त्याचा चुरा राहिला असता. इथे चुरा नव्हता, तेलकटपणा होता. लाल रंग मात्र होता. बाईंनी स्पिरिटचा कापूस फिरवला, तर तो रंग कापसावर उतरला. त्यांनी कापूस खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि विचारलं, "लिंबू मिळेल का?"

कॉलेजच्या फाटकासमोर तर्री-पोह्याचा ठेला होता. हवालदार तिथून अर्धी फोड घेऊन आले. बाईंनी कापसावर लिंबू पिळलं. लाल रंग आमच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला. बाटलीतल्या औषधाच्या थेंबावरही त्यांनी पिळलं. तो लालच राहिला.

"हे औषध नाही," बाई म्हणाल्या. "कुंकू आहे. तेही बाजारातलं रंग घातलेलं नाही, हळदीला चुन्याने लाल करून घरी केलेलं. आंबट लागलं की ते परत पिवळं होतं."

हवालदारांनी नकळत हात जोडले. मीही जोडले असतील.

परतताना सगळं हळूहळू जुळत गेलं. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रं बंद असतात, हत्यारं पुसून, तेल लावून ताटात मांडतात, घरच्या बाया येऊन पूजा करतात. प्रेसचं चाकही वर्षातून एकदा तेव्हाच उतरवून, रंगवून नव्या बोल्टांनी बसवतात; ते बोल्टही त्या ताटात असणार. म्हणजे औषध तेलावर धरलंच नाही, ओघळून गेलं आणि आट्यांत उरलं ते कुंकू. पण मग बोल्ट धुतले का नाहीत?

मी दवाखान्यात गेलो. ऑपरेटर तिशीच्या आतला, पाय वर बांधलेला, ताप उतरला होता. उशाशी त्याची बायको बसली होती. तिच्या कपाळावरचं कुंकू मी पाहिलं आणि विचारलं, घरी करता का?

"हो जी. माह्या मायनं शिकवलं," ती म्हणाली. "कारखान्यातल्या पूजेलेही मीच नेलं होतं." आणि माझ्या तोंडाकडे बघून घाबरली. "काहून जी, साहेब?"

मी काही बोलायच्या आत ऑपरेटरने डोळे मिटले. मग सांगितलं. दसऱ्याच्या सकाळी फिटर ते बोल्ट पेट्रोलने धुवायला निघाला होता, यानेच त्याचा हात धरला.

"मीच म्हणलं त्याले, देवीचं कुंकू सणाच्या दिवशी पेट्रोलनं धुतेस का गा? माह्याच मशीनचं? म्हातारा थांबला. फोरमन म्हणे मुहूर्त चालला, लाव तसंच." मग त्याने विचारलं, "तो काही बोलला नाही का तुमच्याजवळ?"

नाही, म्हणालो.

"मले कोणी सांगितलंच नाही साहेब, त्याले पकडून नेलं म्हणून. लिहा माह्या जबाबात. मीच थांबवलं."

त्याची बायको भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी तिला म्हणालो, की चाक कुंकवाने सुटलं नाही. हे खरं बोललो की नुसती समजूत घातली, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. पण पुढे खरंच निघालं. औषधाच्या बाटलीवरच छापलेलं होतं, आटे कोरडे हवेत आणि मशीन सुरू करण्याआधी पुरता एक दिवस थांबायला हवं. फोरमनने बोल्ट आवळल्याबरोबर नारळ फोडून बटण दाबलं होतं. माझ्यासमोर बसून त्याने ते कबूल केलं. त्याचा मोठा आवाज त्या दिवशी कुठे गेला होता, देव जाणे.

ठाण्यात आल्यावर फिटरला कोठडीतून बाहेर काढून खुर्चीवर बसवलं. चहा मागवला. ऑपरेटरचा जबाब वाचून दाखवला. तो ऐकत राहिला आणि शेवटी पहिल्यांदा मोकळा बोलला.

"टॉर्च बोल्ट काढायसाठीच नेला होता साहेब. मनाले पटून नव्हतं राहिलं. म्हटलं, सारे बोल्ट काढतो, धुतो, पुन्हा लावतो. फोरमन म्हणे, माल अडला हाये, चालता हो. तसाच वापस आलो."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"टॉर्चचं सांगतलं असतं तर धुतलं काहून नाही, हे विचारलं असतं तुम्ही. तो पोरगा पाय बांधून पडून राहिला, आन् त्याच्यावर ढकलू? त्याच्या बायकोच्या कुंकवावर ढकलू?"

मी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. कँटीनवाल्याने खरंच सांगितलं होतं, टॉर्च हातात होता. फक्त तो मशीन मोडायला नव्हता, वाचवायला होता. पुढे कित्येक तपासांत मी शिपायांना एवढंच सांगत आलो, की हातात काय होतं हे साक्षीदार सांगेल; कशासाठी होतं, ते आपण शोधायचं.

गुन्हा घडला नसल्याचा अहवाल मी कोर्टात दिला आणि फिटर सुटला. मशीन घाईने सुरू केल्याचं प्रकरण कारखाना निरीक्षकांकडे गेलं. प्रयोगशाळेचं उत्तर उशिरा आलं. बाईंनी सांगितलं तेच त्यात होतं.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला त्या कारखान्यातून मला बोलावणं आलं. ऑपरेटरचा पाय वाचला होता, पण लंगडत होता. त्याला स्टोअरमध्ये बसवलं होतं आणि त्या बाटल्या आता त्याच्या ताब्यात होत्या. कोणी औषध मागायला आला की तो हातातला बोल्ट आधी मागून घ्यायचा, केवढा आहे, पुन्हा उघडायचा आहे का, पुसला का, विचारायचा आणि बोटाने आटे चाचपून मगच बाटली द्यायचा. फिटर त्याला म्हणाला, "तू तं पोलिसांपेक्षा जास्त विचारतेस गा." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पूजेच्या ताटात पान्यांच्या मधोमध पाच जुने बोल्ट होते. कोर्टातून परत मिळालेला मुद्देमाल. ऑपरेटरच्या बायकोने त्यांना घरचं कुंकू लावलं, सावकाश, एकेकाला. मशीनमध्ये जायचे नवे बोल्ट बाजूला, कोऱ्या फडक्यात कोरडे ठेवलेले होते.

दसऱ्याला सकाळी मी पुन्हा गेलो. फिटरने नवे बोल्ट औषध लावून आवळले. नारळ फुटला, प्रसाद वाटला. सगळ्यांनी सवयीने फोरमनकडे पाहिलं. तो बटणापाशी गेला, बटणालाही हात लावून नमस्कार केला आणि मागे सरला.

"उद्या," तो म्हणाला.

मग आम्ही सगळे त्या न फिरणाऱ्या चाकासमोर हात जोडून थोडा वेळ उभे राहिलो. आत, जिथे कोणालाच दिसत नव्हतं, तिथे ते थेंब आपलं काम करत होते.