हनुवटीपर्यंत येणारी फळी

कोपरीत, मीठबंदराच्या बाजूला राहणाऱ्या शेवंती कोळीने पंच्याण्णव साली ठरवलं, की आपण स्नोबोर्ड घ्यायचा. ठाण्यात तेव्हा ही वस्तू मिळत नव्हती, आणि मिळाली असती तरी वापरणार कुठे? तिची आई जनाबाई बाजारात मासळी विकायची. तिच्या हिशेबाने बर्फ सकाळी टेम्पोतून उतरतो आणि दुपारपर्यंत गटारात जातो. त्यावर माणूस उभा राहतो, आणि तेही फळी बांधून, हे ऐकून तिने लेकीच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाय गो," जनाबाई म्हणाली. "मग कनाला असा बोलतंस?"

झालं होतं ते असं. शेवंती वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कामाला होती. तिथे फायबरचे पत्रे नि टाक्या बनत, आणि तयार माल तपासायचं काम तिच्याकडे होतं. रविवारी ती ट्रेकिंगच्या ग्रुपबरोबर डोंगर चढायची. त्याच ग्रुपबरोबर फेब्रुवारीत मनालीला स्कीइंगचा कोर्स करायला गेलेली. स्कीइंग तिला जेमतेम जमलं. पण मनालीजवळच्या सोलंगच्या उतारावर तिला एक जपानी मुलगी दिसली. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेली ही मुलगी बर्फाच्या उंचवट्यावरून उडाली, हवेतच अर्धी गिरकी घेतली आणि उलट्या तोंडाने खाली उतरत गेली. शेवंती तिथेच थांबली. मास्तर हाका मारत होते, तिला ऐकूच आल्या नाहीत.

त्या मुलीचं नाव हारुमी. दोघींचंही इंग्रजी तोडकंमोडकं, त्यामुळे गप्पा हातवाऱ्यांनीच जास्त. शेवंतीने विचारलं, मला असं करायचं असेल तर कुठली फळी घेऊ? हारुमीने आपली फळी तिच्यासमोर उभी धरली आणि तिच्या हनुवटीवर बोट ठेवलं. इथपर्यंत. मग फळी गुडघ्याला टेकवून दोन्ही हातांनी वाकवून दाखवली. वाकली पाहिजे. मग पुढचं टोक दाखवलं, मागचं दाखवलं. दोन्ही सारखी, दोन्ही वर उचललेली, म्हणजे गिरकीनंतर उलटं उतरलं तरी अडत नाही.

"लाँग, फास्ट," ती हसत म्हणाली. "शॉर्ट, सॉफ्ट, प्ले."

शेवटी बूट दाखवला. त्यात टाच उचलून बघितली, आणि ती हलत नाही म्हणून मान डोलावली. एवढंच शिक्षण. दुसऱ्या दिवशी हारुमी मनाली सोडून निघून गेली.

वर्षभर शेवंतीने भिशी भरली. भिशी लागली तेव्हा जनाबाई म्हणाली, "सोना घे. अडीनडीला उपेगी पडतं."

"सोनं पुढच्या वेळी, आये."

"फळी मोडली तर कोन घेल?"

"मोडेपर्यंत मी शिकलेली असेन."

 त्यानंतर आठवडाभर जनाबाईने लेकीच्या डब्यात माशाची एकही तुकडी दिली नाही, नुसती भाजी.

शेवंतीने गच्चीवर पाण्याच्या पाइपाचा एक तुकडा आडवा टाकला, त्यावर एक फळकूट ठेवलं आणि रोज कामावरून आल्यावर त्यावर तोल सावरायला लागली. शेजारच्या बायका कपडे वाळत घालायला येत आणि पडली की टाळ्या वाजवत. तीही हसायची. पण अंधार पडेपर्यंत खाली उतरायची नाही.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत ती पुन्हा मनालीला पोचली. जुन्या मनालीत देवराम नावाच्या माणसाचं दुकान होतं. परदेशी लोक घरी परतताना आपलं सामान त्याला विकून जात आणि तो ते भाड्याने देई किंवा पुढे विकून टाकी. भिंतीला तीन स्नोबोर्ड टेकवलेले होते.

पहिला लांब, लालभडक, आरशासारखा चकचकीत. "ये ले जाओ बहनजी," देवराम म्हणाला. "नया जैसा है. सस्ता लगा दूँगा."

किंमत खरंच तिच्या आवाक्यातली होती. शेवंतीने तो उभा करून बघितला तर तो तिच्या डोक्यावरून वर गेला. गुडघ्याला टेकवून वाकवायला गेली तर तसूभर हलला नाही.

दुसरा बरोबर हनुवटीला लागत होता. वाकतही होता, चित्रंही सुरेख. घ्यावा असं तिच्या मनात आलं. तरी सवयीने तिने बोटाच्या पेराने त्याच्यावर टकटक केलं. कारखान्यात पत्र्याचे थर आतून सुटले की असाच पोकळ आवाज यायचा. पाय अडकवायच्या बांधण्यांच्या खालीच आवाज बदलत होता.

"भैया, ये अंदर से खुल गया है."

देवरामने कान लावला, स्वतःही टकटक केलं. "सच में," तो म्हणाला आणि फळी मागच्या खोलीत ठेवून आला.

उरला तिसरा. रंग उडालेला, तळाला वीतभर लांब खोल चर. पण उंची हवी तशी, हाताने वाकणारा, दोन्ही टोकं सारखी. आवाज सगळीकडे एकसारखा, भरीव. शेवंतीने त्याच्या पोलादी कडांवरून नखं फिरवली. एका ठिकाणी खरखर लागली, पण तुटलं कुठे नव्हतं.

"इसको कोई नहीं लेता," देवराम म्हणाला.

"मैं लूँगी. पर पहले एक दिन चलाके देखूँगी."

देवराम तयार होईना. शेवंती दुकानातल्या बाकावर बसून राहिली. गिऱ्हाइकं आली, गेली. शेवटी तो म्हणाला, एक दिवसाचं भाडं दे, आवडला तर किमतीतून वजा करीन.

त्या दिवशी शेवंती इतकी पडली, की संध्याकाळी तिला बसताही येईना. गच्चीवर वर्षभर सावरलेला तोल कुठे गेला कळेना. दर वेळी फळी सुरू झाली की तिचं अंग उलट दिशेला वळायचं. ग्रुपमधला महिपत म्हणाला, "तो लालवाला घे ना. ह्याच्या तळालाच खड्डा आहे, कसा चालेल?" तिलाही क्षणभर तसंच वाटलं. खोलीवर जाऊन ती गरम पाण्यात पाय सोडून बसली आणि विचार करायला लागली. खड्ड्यामुळे फळी हळू जाईल, पण आपलं अंग उलटं वळेल कशाला?

मग तिच्या लक्षात आलं. लहानपणी ओहोटीला खाडीच्या चिखलात ती पोरांबरोबर घसरायची, तेव्हा उजवा पाय पुढे टाकायची. गच्चीवरही उजवाच. आणि ह्या फळीच्या बांधण्या होत्या डावा पाय पुढे ठेवणाऱ्यासाठी.

सकाळी दुकान उघडायच्या आधी ती दारात हजर. देवरामने पेचकस दिला. तिने बांधण्या सोडवल्या आणि उजवा पाय पुढे येईल अशा फिरवून घट्ट केल्या. त्या दिवशीही ती पडली, पण पडायच्या आधी दर वेळी थोडी पुढे गेलेली असायची. दुपारी उताराच्या मध्यापासून खालपर्यंत न पडता आली, तेव्हा महिपतने लांबून शिट्टी मारली.

फळी स्वस्तात मिळाल्यामुळे उरलेले सगळे पैसे तिने बुटांत घातले. देवरामने पुरुषांचे बूट दाखवले, दोन मोजे घाला म्हणाला. तिने घालून बघितले, टाच वर उचलली जात होती. नको म्हणाली. अख्खा ढीग उपसल्यावर तळाला एका पोराचे बूट सापडले, रंगाने भयानक हिरवे. त्यात तिची टाच जागची हलली नाही. फळीच्या तळाचा चर देवरामनेच बुजवून दिला. त्याने काळ्या प्लास्टिकची कांडी पेटवली आणि थेंब थेंब चरात सोडले. ते गार झाल्यावर शेवंतीने पत्र्याच्या पट्टीने तळ खरवडून सपाट केला.

फळी ठाण्याला आली. जनाबाईने ती खाटेखाली सरकवली आणि म्हणाली, "एवढी वाकडी? फसवला तुना कोनी तरी."

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात शेवंतीने पहिली उडी मारली आणि मनगट मोडून घेतलं. प्लास्टर घेऊन घरी आली, तर जनाबाईने तिला वेणी घालून दिली, भरवलं, आणि रोज शिव्याही घातल्या. प्लास्टर निघाल्यावर मात्र जनाबाईला गच्चीवरून पाइपाचा आवाज ऐकू आला. जिन्यावर उभी राहून तिने बराच वेळ बघितलं. दुसऱ्या दिवशी तिने बाजारात मालनकडे, शेजारच्या पाटीवाल्या बाईकडे, चौकशी केली, की मनालीचं तिकीट कुठे काढतात.

अठ्ठ्याण्णवला दोघी गेल्या. आयुष्यात एकवीरेच्या पलीकडे न गेलेली जनाबाई सोलंगच्या उतारापाशी उभी राहिली. लुगड्यावर दोन स्वेटर, वर देवरामने आग्रहाने दिलेला कोट, पायात भाड्याचे गमबूट. पहिला अर्धा तास ती नुसती बर्फाकडे बघत होती. हातात घेतला, दाबला, टाकून दिला.

शेवंती उतार चढून वर गेली. पाय बांधले. आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून फावड्याने बर्फाचा एक उंचवटा केला होता. ती सुटली, उंचवट्यावरून उडाली, अर्धी वळली आणि पाठीवर आपटली.  शेवंती उठली, फळी काखेत मारली आणि परत वर चढली.

दुसऱ्या खेपेला ती वळली आणि टेकली, पण हात टेकवून. तिसऱ्या खेपेला गुडघे चांगले दुमडले, हात जवळ ठेवले, डोळे खांद्यावरून मागे नेले. फळी हवेत तिच्याबरोबर फिरली, उलट्या टोकावर खाली आली, मध्ये वाकली आणि तिला घेऊन सरळ घसरत गेली. ती पाठमोरी आईपर्यंत आली आणि थांबली. तिला दम लागला होता.

महिपत ओरडत होता. जनाबाईने डोळे पुसले ते थंडीने की कशाने, कळलं नाही.

"मी डोले मिटलेले," ती म्हणाली. "मना काय दिसला नाय. परत कर."

शेवंतीने एका पायाची बांधणी सोडवली आणि पुन्हा चढायला उताराकडे वळली.