रिंग मागं का राहिली

सांगा, उताराच्या माथ्यावरून सायकलची मोकळी रिंग आणि एक भरीव चकती सोबतच सोडली, तर खाली आधी कोण येईल? मोबाइल ठेवा बाजूला. डोक्यानं सांगा. नाय येत? रत्नमालालाही येत नव्हतं, आणि तिचा तर पेपर होता.

रत्नमाला वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगला. वय चाळिशीकडं झुकलेलं. नोकरी सांभाळून केलेला डिप्लोमा मेकॅनिक्सच्या एका पेपरानं अडवून धरलेला. हा शेवटचा अटेम्प्ट. हुकला तर जन्मभर खोकी चिकटवायची.

सुट्टीच्या दिवशी ती क्रांती चौकामागच्या विहारातल्या अभ्यासिकेत बसायची. तिथं सगळे भरतीवाले, कुणी पोलीस, कुणी तलाठी. आधी तिच्यासारखीच मेकॅनिक्सवाली अपेक्षा शेजारी असायची. दोघी बाहेर येऊन तावातावानं भांडायच्या. "ताई, हा m कटला कसा ते आधी सांगा!" अपेक्षा पास झाली, पेढे वाटले, पुण्याला गेली. तिच्या खुर्चीवर आता कुणाची तरी बॅग असते.

अभ्यासिकेची एक रीत आहे. उत्तर जुळलं नाय की 'मी चुकलो' कुणीच म्हणत नाय. उत्तरतालिका चुकली म्हणायचं आणि आक्षेप घ्यायचा. आणि तालिका चुकतातही, खोटं कशाला बोला!

उताराचं गणित रत्नमालानं झटक्यात सोडवलं. वरची सगळी स्थितिज ऊर्जा खाली आल्यावर पुढं धावण्यात गेली, म्हणजे रिंग असो की चकती, वेग सारखा, पोचणार सोबत. गाइडच्या मागं भलतंच उत्तर. तिनं शेजारच्या सुदर्शनला दाखवलं. हा पोलीस भरतीचा गडी.

"गाइड हातगाडीवरचं ना ताई? मग घ्या की आक्षेप," तो हसून म्हणाला.

तिनं छापील उत्तरावर ठासून फुली मारली. पुढच्या गणिताचंही तेच. मग कप्पीचं, मग चाकाचं. पिढ्यान् पिढ्या 'तुझंच चुकलं' ऐकत आलेल्या घरातली बाई ती, सहजासहजी मान तुकवणार व्हय? फिरणाऱ्या वस्तूंचा अख्खा धडा तिनं छापखान्याच्या नावावर टाकला. मग फुल्यांनी भरलेलं पान बघून तीच चरकली. छापणारा एवढाही गाढव नसतो.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या फकिराकडं तिनं स्पोक काढलेली रिंग मागितली.

"या वयात पोरांसारखा गाडा पळवणार व्हय ताई?"

"तुला काय करायचंय? दे."

केबलच्या रिळाची लाकडी चकती विहारामागं पडलीच होती. दारापुढच्या उतारावर तिनं दोन्ही एकदमच सोडल्या. चकती पुढं, रिंग मागं. पुन्हा सोडल्या. पुन्हा रिंग मागंच. रत्नमाला तिथंच उकिडवी बसली. रिंगचं सगळं वजन कडेला. तिला पुढंही जायचंय, स्वतःभोवती फिरायचंही आहे, आणि त्या फिरण्यात चकतीपेक्षा जास्त ऊर्जा जातेय. आपण तर गणितात फिरणं धरलंच नव्हतं!

हे आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगायचं होतं. आत सगळ्यांच्या माना खाली. तिनं अपेक्षाला फोन लावला.

"ताई, मीटिंगमधी आहे. नंतर करते हां."

नंतर काय फोन आला नाय. घरी मायला सांगितलं. भामाबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी कोण हरलं?"

"रिंग हरली, माय."

"हरू दे. भाकर खाऊन घे."

रत्नमालानं धडा पहिल्यापासून केला. उत्तरं जुळली. पण जुळता जुळता नवाच काटा रुतला. घर्षण नसेल तर रिंग गोल फिरणारच नाय, नुसती घसरत येईल. मग तेच घर्षण ऊर्जा का खात नाय? व्हिडिओवाले सर लई झकास बोलतात, पण मधेच 'का?' विचारलं तर थांबत नाहीत. सुदर्शन म्हणतो, "ताई, मला गोळाफेक विचारा." आता ती गाइडमधली घर्षणाची तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसते, ओठ हलवत, आवाज न करता. पेपर पुढच्या महिन्यात आहे.

तुम्ही हे कधी शिकला असाल, तर एका रविवारी दुपारी अभ्यासिकेत या. उपकार करायला येऊ नका, ती हाकलून देईल. शेजारची बॅग उचला, बसा आणि तिच्याशी भांडा.