शुवैखच्या गोदामात माझी नेमबाजी

माझ्याकडे सतरा रिव्हॉल्व्हरं आहेत आणि त्यातलं एकही बायकोला मान्य नाही. सगळी खेळण्यातली, फिरत्या चक्रीची, रबरी टोकाचे सहा बाण मारणारी. चाप ओढला की बाण सुटतो आणि काचेला चिकटतो (काच सापडली तर!). इथे आखातात, बनेद अल-गार भागातल्या आमच्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये मी रोज संध्याकाळी कागदी वर्तुळं लावून सराव करतो. वय चोपन्न, हुद्दा सीनियर इंजिनिअर. मुलगा कॅनडाला शिकायला जाताना हा छंद मागे ठेवून गेला, असं मी लोकांना सांगतो. खरं तर त्याला मी कधी हातही लावू दिला नव्हता!

गेल्या दिवाळीआधी नाशिकहून बोटीनं आमचा खोका निघाला. आत सासूबाईंनी केलेली चकलीची भाजणी, चांगली बारा किलो. ही शेवटचीच, आता हात चालत नाहीत, असं त्यांनी सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, फोनवर सांगितलं होतं. आणि मी काय केलं? धाकट्या भावाला गुपचूप कळवलं की माझ्यासाठी घेतलेली सहा रिव्हॉल्व्हरं त्याच खोक्यात सरकव. भाऊ माझ्याइतकाच हुशार. वाटेत आपटू नयेत म्हणून त्यानं ती भाजणीच्या पिशव्यांमध्ये नीट खुपसून ठेवली.

मग एक दिवस शुवैख बंदरातून कार्गोवाल्या हमीदभाईंचा फोन आला. हे मूळचे रत्नागिरीचे, आमची सगळी पार्सलं तेच सोडवतात. भाभींना घेऊन लगेच या, एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

गोदामात कस्टमच्या एक्स-रे स्क्रीनवर आमच्या खोक्याचं चित्र दिसत होतं. सहा रिव्हॉल्व्हरं आणि भोवती बारा किलो पूड! सुलभानं माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मला एसीतही घाम फुटला.

हे काय आहे, असं अधिकाऱ्यानं इंग्रजीत शांतपणे विचारलं. ‘खेळणी’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण नाही, माझ्यातला संग्राहक जागा झाला.

“माझा वैयक्तिक रिव्हॉल्व्हर संग्रह,” मी छाती फुगवून सांगितलं. “नेमबाजीसाठी.”

हमीदभाईंनी कपाळावर हात मारला. आणखी दोन अधिकारी आले, चौकशी वाढत गेली आणि अख्खा खोका जप्त करून नष्ट करायचं घाटू लागलं, भाजणीसकट.

“आईच्या हातची आहे हो ती,” सुलभा म्हणाली. तिचा आवाज ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हमीदभाईंनी अरबीत बरीच गयावया केली. शेवटी अधिकाऱ्यानं खोका उघडला, टेबलाच्या टोकाला चहाचा कागदी कप ठेवला आणि माझ्या हातात एक रिव्हॉल्व्हर दिलं. खेळणं असेल तर चालवून दाखव म्हणे.

मी ऐटीत एक डोळा मिटला. पहिला बाण छताला गेला. दुसरा खिडकीला, तिसरा फाइलींच्या कपाटाला. चौथा अधिकाऱ्याच्या चहात पडला (तो कप वेगळा होता!). पाचवा कुठे गेला ते अजून कोणाला कळलेलं नाही. सहावा सुटेचना, म्हणून मी नळीत डोकावलो. तेव्हा तो सुटला आणि माझ्याच चष्म्याला चिकटला.

सुलभानं वैतागून रिव्हॉल्व्हर घ्यायला हात पुढे केला. हमीदभाईंनी तिला हळूच अडवलं.

“तुम्ही नको भाभी. तुमचा नेम लागायचा.”

अधिकारी डोळे पुसत खुर्चीत बसला. हसू आवरल्यावर त्यानं फॉर्मवर अरबीत दोन ओळी लिहिल्या, शिक्का मारला आणि तो कागद खोक्यासकट आमच्याकडे सरकवला. सुलभानं भाजणीच्या पिशव्या मोजल्या, एकेक पोटाशी धरली आणि मला न विचारता गाडीत पुढे, स्वतःच्या शेजारी बसवल्या. मी मागे बसलो.

निघताना मी हमीदभाईंना विचारलं, कागदावर लिहिलंय तरी काय?

“पहिल्या ओळीत लिहिलंय, खेळणी, सहा नग.”

“आणि दुसरीत?”

“मालक सोडून कोणालाही धोका नाही.”

तो कागद सुलभानं फ्रेम करून हॉलमध्ये टांगलाय. मी त्यावर रोज सहा बाण मारतो. अजून तरी एकही लागलेला नाही.