तिसऱ्या मजल्यावरची भाकर

कपडे घ्यायला आलेला माणूस तिसऱ्या मजल्यावर जेवायला चढतो आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जातो. यवतमाळच्या आमच्या मोठ्या दुकानात फूड हॉलच्या बिलिंगला मी बसतो, त्यामुळे माझ्याकडे इतके किस्से साठलेत की बायको म्हणते, "जेवताना तरी गप बसा!" पण शेवंतामावशीचे मी सांगणारच. तशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मावशी बाभुळगावची. लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक करण्यात आयुष्य गेलं. पिझ्झा आणि नूडल्सच्या मधोमध तिला झुणका-भाकरीचा काउंटर मिळाला, तोही तीन महिन्यांच्या ट्रायलवर. नाही चालला तर तिथे मोमोज येणार होते.

"लोकायच्या मांडवात लय रांधलं," ती म्हणायची, "आता मले मायी सोताची जागा पायजे."

* * *

सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला तिनं पहिल्याच दिवशी साफ नकार दिला. "आपुन उभं अन् जिना चालते, त्याचा कायचा भरोसा?"

डोक्यावर ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन बाई तीन मजले पायऱ्यांनी चढली. आम्ही सरकत्या जिन्यावरून आरामात वर पोचलो, तर मावशीचा तवा तापलेला!

* * *

मॅनेजरचा हुकूम होता, भाकरीचा प्रत्येक गोळा दीडशे ग्रॅमचाच हवा. त्यानं इलेक्ट्रॉनिक काटा आणून ठेवला. मावशी आमच्याशी गप्पा मारत एकेक गोळा काट्यावर टाकत गेली. दीडशे. दीडशे. दीडशे!

मॅनेजरला वाटलं, काटाच अडकला. त्यानं दुसरा मागवला. त्यावरही दीडशे.

मावशी म्हणाली, "साहेब, काट्याची परीक्षा झाली असन तर भाकर टाकू?"

* * *

एका रविवारी टोकन नंबरची स्क्रीन बंद पडली. पिझ्झाच्या काउंटरवर एकाच बॉक्सला तिघे लोंबकळत होते. इकडे मावशीनं चाळीसेक ताटं बरोबर ज्याची त्याला दिली. एक चुकलं नाही.

"कसं काय जमलं?" मी विचारलं.

"मले नंबर नाई समजत, चेहरा समजते. पंगतीत पाचशे पानं रायतेत भाऊ, कोनाच्या पानात काय संपलं ते दिसतेच."

मी हातच जोडले.

* * *

ट्रायलच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीचे मोठे साहेब पुण्याहून आले. काउंटर राहणार की जाणार, ते त्याच दिवशी ठरणार होतं. मॅनेजरनं मावशीला बजावलं, "ताटात दोनच भाकरी. दुसऱ्यांदा वाढायचं नाही. वाढलंत, तर काउंटर गेला समजा!"

साहेब एक हात लॅपटॉपवर ठेवून जेवायला बसले. दोन घासांनंतर लॅपटॉप मिटला. बघता बघता दुसरी भाकर संपली, अंबाडीची भाजी उरली. मावशी काचेमागे, हातात गरम भाकर. कुणाचं रिकामं पान ती अशी नुसती बघत उभी राहिलेली मी कधीच पाहिली नव्हती. मला ते बघवेना.

साहेब उठले आणि ताट घेऊन काचेपाशी आले.

"मावशी, अर्धी तरी वाढा."

मॅनेजर धावतच आला. "सर, सिस्टिममध्ये दुसऱ्यांदा वाढायचं बटणच नाही!"

"मग बसवून घ्या," ताट तसंच पुढे धरून साहेब म्हणाले.

मावशीनं अख्खी वाढली.