हसऱ्या चेहऱ्यांची फाईल

वीस-एकवीस वर्षं झाली, ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला माहीत नाही, भावाला माहीत नाही. जिला माहीत होती ती बाई गेली, आणि जिला माहीत असावी असा मला संशय आहे ती कधी बोलली नाही. मग तुम्हालाच का सांगते? गेल्या रविवारी एक फोन आला आणि तेव्हापासून मी घरात भांडी आपटते आहे. कुणावर चिडलीस, असं नवऱ्याने दोनदा विचारलं. काय सांगू त्याला?

आधी मी कोण ते ऐका, म्हणजे तुम्हालाही राग येईल. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, पहिली-दुसरीचे वर्ग. पालकसभेत माझं एक ठरलेलं भाषण असायचं. मुलांची चित्रं टाकून देऊ नका, ज्याला अजून नीट लिहिता येत नाही ते मूल चित्रातूनच बोलत असतं. आया माना डोलवायच्या. एकीने तर ते वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — दुसरं काय.

तेव्हा आम्ही इंदिरानगरात दोन खोल्यांच्या घरात राहायचो. मी, नवरा, सासूबाई आणि सई, माझी एकुलती एक मुलगी. सई तेव्हा आठ वर्षांची होती. दिवसभर चित्रं काढायची. पाठकोऱ्या कागदांवर, माझ्या जुन्या पाठ-टाचणाच्या पानांवर, जे हाती लागेल त्यावर. सगळी दिवाणाच्या पोटात भरलेली. त्या डिसेंबरात तिथे झुरळं झाली आणि मी सगळा पसारा बाहेर काढला. सई शाळेत होती. सासूबाई समोर खुर्चीत पेपर वाचत बसल्या होत्या. मी ठरवलं की चांगली तेवढी एका फाईलमध्ये लावायची, बाकीची काढून टाकायची.

चांगली — हा शब्द मी तेव्हा वापरला. चांगली म्हणजे कोणती?

झाडं, घरं, मोर, गणपती, ते सगळं पटापट झालं. मग माझी चित्रं आली. तिने माझी किती चित्रं काढली होती, मला कल्पनाच नव्हती. काहींमध्ये मी हसत होते, केसात गजरा, शेजारी ती माझं बोट धरून. आणि बाकीच्यांत — बाकीच्यांत माझं तोंड उघडं होतं. पानभर तोंड. करवतीसारखे दात, लाल खडूने गिरवून गिरवून कागद फाटेल इतके लाल. एका हाताला सात बोटं आणि त्या हातात फूटपट्टी. कोपऱ्यात टेबलाखाली एक छोटी मुलगी. खाली वळणदार अक्षरात लिहिलेलं: आई.

ते अक्षर मीच घोटून घेतलं होतं. फूटपट्टी हातात घेऊनच.

मी तिला मारायचे. हे वाक्य लिहायला मला आठवडा लागला. रोज नाही, पण मारायचे. पाढा चुकला की, दूध सांडलं की, कधी काहीच चुकलं नाही तरी. शाळेत चाळीस पोरांशी साखरेसारखं बोलून यायचं आणि घरी येऊन एका पोरीवर तोंड टाकायचं. दमायचे, बस मिळायची नाही, असलं काही मी सांगणार नाही. दमतात सगळ्याच.

चित्रं बघून मला काय वाटलं असेल? लाज? पश्चात्ताप? छे. मला राग आला. एवढीशी पोर, हिला खाऊ-पिऊ घालते, हिच्यासाठी मरमर मरते, आणि ही माझं हे असं सोंग काढते? पाहुण्यांनी बघितलं तर? शाळेतल्या कुणी बघितलं तर? मी हसरी चित्रं डावीकडे ठेवली आणि तोंड उघडलेली उजवीकडे. सासूबाईंनी पेपरवरून बघितलं.

"ती का गं वेगळी काढतेस?" त्यांनी विचारलं.

"जागा कुठंय सगळ्यांना?" मी म्हटलं. त्यांनी पुन्हा पेपरात डोकं घातलं.

आता खरी अक्कल बघा माझी. कचऱ्यात टाकली तर सईला दिसतील. फाडली तर तुकडे दिसतील. आमच्याकडची जुनी वर्तमानपत्रं रद्दीवाल्याकडे जात नसत. दिंडोरीजवळ माझं माहेर, भावाची द्राक्षबाग. थंडी-उन्हाने मण्यांचा रंग बिघडू नये म्हणून जानेवारीत घडांना पेपर गुंडाळतात. त्यासाठी आमची वर्षभराची रद्दी दादा पिकअपमधून घेऊन जायचा. मी ती चित्रं वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये एकेक करून सरकवली आणि गठ्ठा सुतळीने करकचून बांधला. पेपर अर्धे फाडतात, गुंडाळतात, वर स्टेपलर मारतात, कोण कशाला बघतंय? असा माझा हिशेब. शेतकऱ्याची मुलगी मी, आणि मला एवढं सुचलं नाही की संक्रांतीला तीळगूळ घेऊन मी स्वतःच सईला तिथे नेणार आहे.

नेलं. बागेत पेपर लावायचं काम चाललं होतं. वेलींच्या मांडवाखाली बायका ओळीने उभ्या, हात वर. सई पळत आत शिरली. मी वहिनीशी बोलत मागून येत होते, तेवढ्यात एका बाईचा आवाज आला, "वहिनी, ह्या कागदावरची बाई लय चिडकी हाय बरं का! बघा, दात कशे काढलेत!" बायका खदखदा हसल्या. दुसरी म्हणाली, "माझी सासू हाय ती!" पुन्हा हशा.

सई खाली उभी राहून वर बघत होती. तिच्या डोक्यावर, एका घडाभोवती, माझं तोंड होतं. अर्धं फाडलेलं, मध्ये स्टेपलरची पिन. त्याच्या पुढच्या घडावर सात बोटांचा हात. टेबलाखालची मुलगी कुठल्या घडावर गेली कोण जाणे.

ती रडली नाही. वळून फक्त म्हणाली, "आई, ही माझी आहेत."

आणि मी — श्वास घ्यायलाही थांबले नाही — म्हटलं, "आजीने रद्दीत घातली असतील गं. तिला दिसतं का नीट?"

किती सहज निघालं ते! आजही त्या सहजपणाची मला चीड येते. खोटं बोलताना माणूस निदान अडखळतो म्हणतात. मी अडखळले नाही. वर वहिनीकडे बघून हसले.

घरी आल्यावर चपला न काढता सई आजीसमोर जाऊन उभी राहिली. "आजी, तू माझी चित्रं मामाला दिलीस?" सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी उंबऱ्यात तीळगुळाचा रिकामा डबा धरून उभी होते. रोज सकाळी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेपर वाचणारी ती बाई म्हणाली, "हो गं माझ्या बाई, मीच घातली. मेलं दिसतच नाही हल्ली."

मला हायसं वाटायला हवं होतं ना? मला त्यांचा संताप आला. कुणी सांगितलं होतं मला वाचवायला? त्या ओरडल्या असत्या, खोटं बोलतेस म्हणाल्या असत्या, तर मी भांडले तरी असते. पण त्यांनी गपचूप ओझं उचललं आणि मला कायमची मिंधी केली. पुढचा आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. चहाचा कप समोर आदळायचे. त्या निमूट प्यायच्या. त्यानंतर त्या सहा वर्षं जगल्या. घरात एक विनोदच झाला, आजीच्या हाती कागद लागू देऊ नका, द्राक्षांना बांधेल. नवरा म्हणायचा, दादा म्हणायचा. मीही म्हटलंय. त्यांच्यासमोर. आणि हसलेय.

सईने चित्रं काढणं सोडलं नाही, निदान लगेच नाही. दोन-तीन वर्षं काढत राहिली. माझ्या वाढदिवसाला, शिक्षक दिनाला, दिवाळीला. सगळ्यांत मी हसरी. मी ती आनंदाने फाईलमध्ये लावत गेले. आल्या-गेल्याला दाखवायचे. लोक म्हणायचे, किती जीव आहे हो पोरीचा तुमच्यावर! मग एका वर्षी ती थांबली. मी विचारलं नाही. का विचारीन?

आणि हो, त्या दिवसानंतर मी मारणं बंद केलं, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. ती सातवीत जाईपर्यंत चालू होतं.

आता रविवारचा फोन. सई पुण्याला असते. तिचा मुलगा ओजस साडेतीन वर्षांचा आहे. म्हणाली, "आई, काल ओजसवर जाम ओरडले मी. तर त्याने माझं चित्र काढलं. एवढं मोठं तोंड! फ्रिजवर लावलंय मी." मी म्हटलं, "अगं, कशाला लावलंस? काढून टाक." ती म्हणाली, "असू दे. समोर दिसलं की आवाज खाली येतो माझा." आणि मग, "माझी फाईल आहे ना तुझ्याकडे? पाठव. ओजसला दाखवते, मी माझ्या आईला कशी काढायचे ते."

फोन ठेवून मी फाईल काढली. पहिल्यांदाच नीट बघितली असेल. सुरुवातीच्या पानांवर मी गजरा घालून हसते आहे आणि सई माझं बोट धरून उभी आहे. बागेतल्या त्या संक्रांतीनंतरच्या पानांवरही मी हसते आहे. ओठ पट्टीने मापून काढल्यासारखे, सगळीकडे सारखेच. पण सई नाही. एकाही चित्रात ती नाही. वीस वर्षं मी ही फाईल लोकांपुढे नाचवली आणि मला ते दिसलं नव्हतं.

फाईलसोबत एक चिठ्ठी घालावी म्हणून कागद घेतला. "सई, आजीने नाही" एवढं लिहिलं. पुढे हात चालला नाही. कागद फाडला — फाडण्यात माझा हात कधीच अडला नाही.

काल कुरिअरने फाईल पाठवली. उद्या ओजसच्या हातात पडेल. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिच्यात मी हसते आहे.