आपुलकीचं एक वाक्य आणि अण्णा

माझे सासरे एका मंगळवारी सकाळी वारले, आणि दुपारी साडेबारापर्यंत त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

पत्ता नव्हता कारण बातमी मेलनं गेली होती, आणि त्यांचा मेल मीच बंद केला होता. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात संगणक विभाग सांभाळते. (विभाग म्हणजे मी, दोन टेबलं, आणि जो बंद असला की उकडतं आणि चालू असला की काही ऐकू येत नाही असा एक पंखा.) अण्णा, म्हणजे माझे सासरे, याच कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा कॉलेजचा मेल मात्र निवृत्त झाला नव्हता. त्यावर ते आणि त्यांचे जुने मित्र मुजावर सर बुद्धिबळ खेळायचे. मुजावर सर भौतिकशास्त्राचे, निवृत्तीनंतर शिरोळला शेतीत रमलेले. रोज सकाळी एकाची एक चाल. एक डाव चार-चार महिने चालायचा. घोडा हलला की अण्णा दिवसभर घरात येरझाऱ्या घालायचे आणि सासूबाई म्हणायच्या, "आज जेवायला विचारू नका त्यांना, वजीर अडकलाय."

तर झालं असं, की कॉलेजचा जुना सर्व्हर बदलून नवा आला आणि निवृत्त लोकांचे मेल बंद करायचं ठरलं. मी महिनाभर आधी सगळ्यांना सूचना पाठवल्या. एकूण पाच! अण्णांनी पाचही उघडल्या नाहीत. घरात रोज समोर दिसणारी बाई मेल पाठवतेय म्हणजे काही महत्त्वाचं नसणार, असा त्यांचा हिशोब. आणि मी तोंडी सांगितलं नाही, कारण सूचना लेखी दिली होती ना!

बंद पत्त्यावर कुणी मेल पाठवला तर आपोआप एक उत्तर जायला हवं. मी लिहिलं होतं, 'हे खाते बंद आहे.' प्राचार्य म्हणाले, "फार रुक्ष वाटतं. आपलं कॉलेज म्हणजे एक कुटुंब आहे. भाषेत जरा आपुलकी आणा." मी आणली. अशी :

'आपण ज्यांना पत्र पाठवले आहे ते आता आपल्यात नाहीत. त्यांच्याविषयी अधिक चौकशी कार्यालयाकडे करावी.'

प्राचार्य म्हणाले, "वा!"

सोमवारी संध्याकाळी सहाला मी जुना सर्व्हर बंद केला. मंगळवारी सकाळी कॉलेजात पाऊल ठेवलं तर माझ्या खोलीबाहेर अर्धं कॉलेज उभं. कुणाचा पासवर्ड चालत नव्हता, कुणाचे जुने मेल दिसत नव्हते, एका प्राध्यापकांना दुसऱ्याच प्राध्यापकांचे दिसत होते आणि ते आवडीनं वाचत बसले होते. मी सगळ्यांना कागदावर नंबर देऊन बाकावर बसवलं. तेवढ्यात हेडक्लार्क कदम आत आले. एरवी दारातूनच ओरडणारा माणूस, आज टोपी हातात घेऊन उभा.

"मॅडम, तुमी आज कामाला कशा आलासा?"

"आज तर यायलाच हवं होतं, कदम. बाहेर बघताय ना?"

"व्हय, पर… कवा झालं हे?"

"काल संध्याकाळी सहाला."

"एकदम अचानक?"

"अचानक कसलं! महिनाभर सगळ्यांना सांगत होते. कुणी लक्षच दिलं नाही."

कदमांनी मान हलवली. "शेवटी लई तरास झाला आसंल?"

"दोन दिवस नुसती घरघर लागली होती. मीच म्हटलं, आता कशाला ओढायचं? माझ्या हातानं बटण बंद केलं."

कदम खुर्चीत बसले. माझ्यासमोर न विचारता खुर्चीत बसायची ही त्यांची पहिलीच वेळ.

"आनि आता… कुटं ठेवलंय?"

"जिन्याखाली. भंगारवाला शुक्रवारी नेतो म्हणालाय."

कदम ताडकन उठले. "मॅडम! मी तुमच्या सासऱ्यांचं इचारतोय! अण्णांचं!"

माझ्या हातातला माउस खाली पडला.

"अण्णांचं काय?"

"शिरोळवरनं मुजावर सरांचा फोन आलता. अण्णा गेले म्हनं. रडत हुते वो सर."

"कोण म्हणालं त्यांना?"

"कॉलेजचीच मेल आलीया म्हनं त्यास्नी."

आता या वाक्यावर जगातली कुठलीही शहाणी बाई थांबली असती. कॉलेजचे मेल पाठवतं कोण? मी! पण माझ्या डोक्यात एवढंच आलं, की कॉलेजचा मेल म्हणजे अधिकृत बातमी. त्यात खोटं कसं असेल?

मी अण्णांना फोन लावला. वाजत राहिला. सासूबाईंना लावला. वाजत राहिला. पुन्हा अण्णांना. अण्णांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या आहेत, आणि सकाळी मी गडबडीत निघताना त्यांनी घेतल्या का ते विचारलं नव्हतं. नुसतं "येते" म्हटलं होतं, तेही पाठमोरी. जिने उतरताना मला तेवढंच दिसत होतं. स्कूटरची किल्ली तीन वेळा उलटी घातली.

मंगळवार पेठेतल्या कॉलेजपासून राजारामपुरीतल्या घरापर्यंत मी कशी आले ते मला आजही सांगता येणार नाही. वाटेत थांबून नवऱ्याला फोन केला. तो कबनूरला एका यंत्रमाग कारखान्यात असतो. चोवीस मागांच्या खडखडाटात तो ओरडत होता, "काय? अण्णांना काय झालं?" आणि मी भर रस्त्यात ओरडत होते, "मला माहीत नाही! तू ये!" शेजारी सिग्नलला थांबलेला रिक्षावाला म्हणाला, "ताई, रडू नगासा, आदी गाडी कडंला घ्या."

घराला कुलूप. आत अण्णांचा फोन वाजत होता. बाहेर माझा जीव चालला होता. शेजारच्या मालूताई गॅलरीतून वाकल्या.

"अगं वृषाली, अण्णा मगाशी दहाला गेले की!"

मी पायरीवर बसले.

"कसे गेले?"

"कसे म्हंजे? चालत!"

"चालत?"

"पिशवी घेऊन. तोंड लई उतरलं हुतं पर. मी हाक मारली, तर वळून बगितलं बी न्हाय."

हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. उलट जास्तच भीती वाटली. उतरलेल्या तोंडानं गेलेला माणूस, फोन घरात, रक्तदाबाचा त्रास. कुठं रस्त्यात… तेवढ्यात सासूबाई गिरणीतून पिठाचा डबा घेऊन आल्या. मला पायरीवर बघून डबा तसाच काखेत धरून उभ्या राहिल्या.

"तू या वेळेला घरी? काय झालं?"

"काही नाही, आई. अण्णा कुठं गेलेत?"

"मला काय ठाऊक? सकाळी तो कॉम्प्युटर उघडून बसले होते, मग एकदम गप्प झाले. अगं, तू रडतेयस का?"

काय सांगणार? "पंख्याचा वारा लागला," मी म्हणाले. आम्ही अंगणात उभ्या होतो आणि वारा कुठंही नव्हता.

तेवढ्यात दारात एक भाड्याची गाडी थांबली. आतून मुजावर सर उतरले. पांढरा सदरा, डोळे लाल, हातात झेंडूचा हार. सासूबाईंनी हार बघितला. मग मला बघितलं. मग पिठाचा डबा हळूच खाली ठेवला, आणि मला म्हणाल्या, "वृषाली, काय ते आत्ताच्या आत्ता सांग."

सर हुंदका देऊन म्हणाले, "वहिनी, हत्तीची चाल पाठवली मी सकाळी. आणि उत्तर हे आलं."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. मी वाचलं. 'ते आता आपल्यात नाहीत.' छान वाक्य होतं. ओळखीचंही वाटलं. त्याच्या खाली लिहिलं होतं 'संगणक विभाग', आणि त्याच्या खाली माझं नाव.

पुढचं सांगताना मी कुणाकडंच बघितलं नाही. मालूताई गॅलरीतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे तू लिहिलंस?"

"प्राचार्य म्हणाले, आपुलकी हवी…"

"अहो, पण मग वसंता आहे कुठं?" मुजावर सर ओरडले. (अण्णांचं नाव वसंत आहे.) मेल खोटा होता, पण माणूस तर खरोखरच सापडत नव्हता! सर म्हणाले, दवाखान्यात विचारू. सासूबाई म्हणाल्या, आधी पंचगंगेकडं बघून या. हे त्या एवढ्या सरळ आवाजात म्हणाल्या, की मी स्कूटरची किल्ली पुन्हा हातात घेतली.

आणि माझा फोन वाजला. कदम.

"मॅडम! अण्णा हितं हायती!"

"कुठं?"

"तुमच्या खोलीभाईर, बाकावर! अकरापास्नं! नंबर घिऊन बसल्यात! मी शोकसभेची नोटीस बोर्डावर डकवाय गेलो, तर मागनं आवाज आला, 'कदम, दुःखदमधला विसर्ग राहिलाय.' वळून बगतोय तर अण्णा! मी दोन तांबं पानी प्यालोय, मॅडम. तुमी या लवकर."

आम्ही सगळे मुजावर सरांच्या गाडीतून गेलो. वाटेत नवऱ्याचा फोन आला, तो हातकणंगल्यापर्यंत पोहोचला होता. "आहेत," एवढंच मी म्हणाले.

बाकावर अण्णा ताठ बसले होते, मांडीवर पिशवी, हातात कागदाचा तुकडा, त्यावर स्वतःच्याच अक्षरात नंबर एकोणीस. सासूबाई शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांचं मनगट धरलं, ते सोडलंच नाही. मुजावर सरांना हार कुठं ठेवावा कळेना, त्यांनी तो मित्राच्या गळ्यात घातला आणि मिठी मारली. येणारे-जाणारे प्राध्यापक अण्णांचं अभिनंदन करून गेले. कशाबद्दल ते कुणीच विचारलं नाही.

मी अण्णांच्या पाया पडले. "चुकलं माझं, अण्णा."

"ते घरी बघू," अण्णा म्हणाले. "आधी माझा मेल चालू कर. याच्या हत्तीनं मला कोंडीत पकडलंय असं याला वाटतंय."

डोळे पुसत मी खुर्चीत बसले. खातं उघडायचा फॉर्म काढला. सकाळी नंबर देताना अठरा जणांना जे विचारलं होतं तेच तोंडातून बाहेर पडलं. ज्यांच्या घरात मी अकरा वर्षं राहतेय, ज्यांच्यासाठी तासभर ढसाढसा रडून आले, त्या माणसाकडं बघून मी म्हणाले,

"ओळखपत्र आणलंय का?"

अण्णांनी पिशवीतून काढून दिलं. आणि मी फोटो ताडून बघितला!