विठाबाईची अपुरी पोथी

औंढ्याची विठाबाई रोज सकाळी दुधाची चरवी डोक्यावर घेऊन लोणावळ्याला जायची आणि येताना बाजारातल्या बातम्या घेऊन यायची. दूध ती मापानं द्यायची, बातम्या मात्र बिनमापाच्या. लढाई चालू होती, तेव्हा बातम्यांना तोटा नव्हता. पण एका पावसाळ्यात तिनं बातमीबरोबर पुस्तक आणलं, आणि सगळं रामायण तिथून सुरू झालं.

पुस्तक आणलं ते सुनेसाठी. सून नंदा कार्ल्याची, चार इयत्ता शिकलेली; नवरा मुंबईला गिरणीत. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला वाचायला मिळाला तो फक्त वाण्याच्या पुड्यांचा कागद. चुलीपुढं बसून ती गुळाची पुडी सोडायची, कागद मांडीवर सपाट करायची आणि फाटलेल्या कडेपर्यंत वाचत जायची. पुढचं वाक्य दुसऱ्याच कुणाच्या पुडीला गेलेलं असायचं. विठाबाईला स्वतःला अक्षराची ओळख नव्हती, पण उपाशी माणूस ओळखता यायचा.

लोणावळ्यात त्र्यंबक मास्तरांच्या घरी तिचा रतीब होता. मास्तरांची मुलगी शैला तळेगावच्या चिमणनानांच्या गोष्टींसाठी वेडी झालेली. हे चिमणनाना मुलांसाठी लहान लहान पुस्तकं लिहायचे, आणि त्यातली शेवंताची गोष्ट तर भागाभागानं निघत होती. शेवंता म्हणजे एक गुराखी पोर, हरवलेलं पारडू शोधत डोंगर पालथे घालणारी. शैलानं वाचून झालेले भाग विठाबाईच्या हवाली केले.

घरात मात्र महिपतीआबा होते. विठाबाईचे मालक, मनानं वाईट नव्हेत, पण सुनेनं दिवसाढवळ्या पुस्तक घेऊन बसायचं म्हटल्यावर त्यांनी विचारलं, घरात मामलेदार उतरलाय काय? विठाबाईनं क्षणभरही न अडखळता सांगितलं की ही पोथी आहे. आता पोथी म्हटल्यावर तिचा थाट पोथीचाच हवा. चौरंग आला, तांबडं फडकं आलं, हळदकुंकू लावलेला नारळ आला. नंदानं पाटावर बसून डोक्यावरचा पदर नीट केला आणि शेवंताच्या पारडाची गोष्ट वाचायला सुरुवात केली.

लावणी उरकली होती. दुपारच्या वेळी शेजारची सरुबाई यायची, कस्तुराबाई यायची. आबा ओटीवर वाखाची दोरी वळत बसायचे आणि आपलं तिकडं लक्ष नाही असं दाखवायचे. मात्र पारडू ओढ्यात पडलं त्या दुपारी दोरीचा पीळ उलटा बसला, आणि तो त्यांना सगळा उकलावा लागला. ही देवाची पोथी नव्हे हे एव्हाना सगळ्यांना कळून चुकलं होतं. पण चौरंगापुढं तसं म्हणायचं कुणी?

तिसऱ्या भागाच्या शेवटी शेवंताला पारडू सापडलं. एका गुहेत सापडलं. ती आत शिरली, त्याच्या गळ्यात हात टाकला, आणि बाहेर दरड कोसळून गुहेचं तोंड बंद झालं. नंदानं पान उलटलं. पुढं कोरा कागद होता. तळाशी एवढंच छापलं होतं की पुढचा भाग लवकरच येईल.

मग काय विचारता. चार दिवस गावात दुसरा विषय नव्हता. सरुबाईचं म्हणणं, गुरांना पाण्याचा वास येतो, पारडूच तिला दुसऱ्या वाटेनं बाहेर काढील. कस्तुराबाईला आत राक्षस हवा होता, त्याशिवाय गोष्टीला अर्थ नाही. आबा ओटीवरून, जणू दुसऱ्याच कुणाला, म्हणाले की पहारी घेऊन माणसं आली तर एवढीशी दरड काढायला कितीसा वेळ लागतो. लोणावळ्यात शैलाचं ठाम मत होतं की आत खजिना आहे. विठाबाई दूध घालताना इकडचे तर्क तिकडे न्यायची आणि तिकडचे इकडे आणायची. नंदाला विचारलं तर ती म्हणायची, शेवंता आधी हाका मारील, कुणी ओ देत नाही म्हटल्यावर गप्प बसून ऐकत राहील. हे बोलणं विठाबाईला उगाचच लागलं.

भादवा गेला, पुस्तक आलं नाही. लढाईमुळं कागद मिळत नाही असं मास्तर म्हणाले. इकडे नंदाला सातवा सरत आला होता. पहिलटकरीण, म्हणजे बाळंतपण माहेरी व्हायचं. कार्ल्याहून तिच्या भावाचा निरोप आला की गाडी जुंपून येतो. तेव्हा कस्तुराबाई सहज बोलून गेली, आणि तिचं सहज बोलणं नेहमी वर्मीच बसायचं.

"पोथीची सांगता कुटं झालीया? वाचणारीनं शीव कशी ओलांडायची?"

रीत खरीच होती. पोथी लावली की नारळ फुटेपर्यंत वाचणाऱ्यानं गावाची शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर अपुऱ्या पोथीचा दोष वाचणाऱ्याच्या अंगावर येतो. विठाबाईनं थाप मारली होती ती आबांना. पण नारळ तर देवापुढं ठेवला होता, त्याला हळदकुंकू आपल्या हातानं लावलं होतं. नारळाला थोडंच माहीत की ही थाप आहे?

आणि थांबावं तरी कसं? आठवा लागला की बाईला गाडीत बसवायचं नाही. विठाबाईला ते कुणी सांगायला नको होतं. तिचं स्वतःचं पहिलं बाळंतपण आठव्यात, माहेरच्या वाटेवर, बैलगाडीतच झालं होतं, आणि ते मूल घरी आलं नव्हतं. औंढ्यात ठेवावी तर गावात सुईण उरलेली नव्हती. पाठवावी तर दोष, ठेवावी तर धोका. इकडे आड, तिकडे विहीर, आणि आड आपणच खणलेला. तिचं जेवणावरचं मन उडालं. नंदा एकदा म्हणाली, "आत्याबाई, मी ऱ्हाते हितंच. तुमी जिवाला लावून घेऊ नगा." त्यावर विठाबाई तिच्यावर खेकसली आणि गोठ्यात जाऊन रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं चरवी मास्तरांच्या दारात ठेवली आणि सांगितलं, मला त्या चिमणनानांकडं घेऊन चला. पुढं काय होतं ते तोंडानं सांगू देत, मी घरी येऊन तोंडानं पुरं करते, नारळ फोडते. मास्तरांना हसू आलं, पण तिचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. रविवारी मास्तर, हट्ट धरलेली शैला आणि विठाबाई पुण्याकडच्या गाडीनं तळेगावला उतरले.

चिमणनाना पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. किडकिडीत, मफलर गुंडाळलेला माणूस. एवढा मोठा पोथीकार असा दिसेल असं विठाबाईला वाटलं नव्हतं. तिनं पदर सावरून, चौरंगापासून सुईणीपर्यंत सगळं सांगितलं आणि हात जोडून विचारलं की शेवंता बाहेर कशी येते. शैला तर श्वास रोखून उभी होती.

नानांनी हातातली शेंग न फोडताच बाजूला ठेवली. मग खाली बघत म्हणाले, "बाई, खोटं कशाला बोलू? मलाच ठाऊक नाही. तिला आत घातली खरी, पण बाहेर काढायची युक्ती सुचत नाही. कागदाची टंचाई आहेच, पण कागद मिळाला असता तरी मी कोराच ठेवला असता."

शैलाचा चेहरा पडला. विठाबाई मात्र पुढं सरकली.

"म्हंजे फुडचं ल्हिलेलंच न्हाई? कुटंबी न्हाई?"

"एक ओळदेखील नाही."

विठाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोथी अपुरी राहते केव्हा? पानं शिल्लक असतात आणि माणूस वाचत नाही, तेव्हा. इथं शिल्लकच काही नव्हतं. जेवढं जगात होतं तेवढं नंदानं शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं होतं.

"मंग आमचं पुरं झालं की वो, नाना," ती म्हणाली. "अपुरं ऱ्हायलंय ते तुमचं. शीव तुमी ओलांडू नगा."

आणि ती हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. आपण काही लिहिलं नाही म्हणून एवढं आनंदलेलं माणूस नानांनी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांनी पसाभर शेंगा तिच्या ओट्यात घातल्या. निघताना विठाबाईनं त्यांना सरुबाईचं पाण्याच्या वासाचं म्हणणं ऐकवून ठेवलं, आणि राक्षस मात्र घालू नका असंही बजावलं.

घरी येताच तिनं नारळ फोडला. खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना वाटले, कस्तुराबाईला जरा मोठा दिला. आठवा लागायच्या आत नंदाच्या भावाची गाडी शिवेपलीकडं गेली. विठाबाई गाडीमागून चालत शिवेपर्यंत गेली, तिथं उभी राहिली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. दिवाळी झाल्यावर कार्ल्याहून निरोप आला. मुलगी झाली होती, बाळ-बाळंतीण खुशाल होती.

चौथा भाग आला तेव्हा उन्हाळा लागला होता आणि नंदा लेकीला घेऊन परतली होती. दुपारी सरुबाई आणि कस्तुराबाई येऊन बसल्या. विठाबाईनं शैलाकडून आणलेलं पुस्तक तसंच, फडक्यात न गुंडाळता, नंदाच्या हातात दिलं. आबांनी ओटीवरून विचारलं, आज चौरंग मांडायचा नाही का?

"न्हाई," विठाबाई म्हणाली. "ही पोथी न्हवं. गोष्ट हाय. आदीबी गोष्टच हुती."

सगळ्या बायका आबांकडं बघू लागल्या. आबांनी दोरी खाली ठेवली, आत आले आणि खांबाला टेकून बसले.

"मला काय ठावं न्हवतं व्हय?" ते म्हणाले. "वाच, पोरी. पारडवानं काय केलं ते बघू."

नंदा वाचू लागली. पारडानं कान टवकारले होते, कुठूनतरी पाण्याचा आवाज येत होता, सरुबाईची मान ताठ झाली होती, आणि एवढ्यात पाळण्यात पोर रडली. नंदानं वाक्य अर्ध्यावर सोडलं, पुस्तक पालथं घातलं आणि उठून लेकीला घेतलं. शेवंता गुहेतच होती. विठाबाईनं पाळण्याची दोरी बाजूला केली आणि सुनेला टेकायला भिंतीशी जागा करून दिली.